टँकर दारात उभा होता

माझा उजवा डोळा गेला आहे आणि डावा निम्मा वाचला आहे. बाजारात मी माझा भाव कधी आधी सांगत नाही, पण इथे सांगून टाकते. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत टांगून ठेवण्यात मला काही मिळायचं नाही.

हे लिहिते आहे ते आमच्यासारख्यांसाठी. ज्यांच्या भट्टीवर, हॉटेलात, दूध संकलनावर भांडी साफ करायचा सोडा पोत्यानं पडलेला असतो त्यांच्यासाठी. खायचा सोडा नव्हे. हे पांढरे पापुद्रे असतात, ओल्या हाताला साबणासारखे बुळबुळीत लागतात आणि मग आग होते. आम्ही भट्टीवाले त्याला नुसतं कॉस्टिक म्हणतो. त्याच्याबरोबर मी सहा वर्षं काढली आणि मला वाटायचं, ते मला ओळखतं.

मोठी अक्षरं काढत, वहीच्या एका पानावर आठ ओळी, असं हे लिखाण चाललं आहे. डावा डोळा दुखायला लागला की थांबते.

माझी भट्टी

आई-वडील पाथर्डी तालुक्यातले, कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आधी बिऱ्हाड उचलायचं, ते उन्हाळ्यात परत. मी आणि माझी धाकटी बहीण कांता, आम्ही दोघी तळावरच्या पाचटाच्या कोप्यांमध्येच वाढलो. मी हट्टानं दहावी केली आणि ठरवलं की कोयता हातात धरायचा नाही.

लग्नानंतर सहा घरांचं दूध गोळा करण्यापासून सुरुवात केली. कॅन जीपच्या टपावर चढवायची, तालुक्याला न्यायची, फॅट कमी लावली की भांडायचं. आज माझी खव्याची भट्टी आहे. शिर्डीचे पेढेवाले माझा खवा नेतात. हे सगळं मी जिभेवर उभं केलं. सरपण, पेंड, पाण्याचा टँकर, कोणाचाही पहिला भाव मी आजवर मान्य केलेला नाही. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, शांत माणूस. ते म्हणतात, "ही यमाशी सुद्धा घासाघीस करील." करून पाहिली. ते पुढे येईलच.

कांताला मी सहा वर्षांपूर्वी कोयत्यावरून सोडवून भट्टीवर आणलं. तिला आणि तिच्या नवऱ्याला घर दिलं, काम दिलं. हे मी तिला फार वेळा ऐकवलं, असं आता वाटतं.

कॉस्टिक मी केडगावच्या एका गोदामातून आणायचे. कंपनीच्या छापील पिशवीत महाग पडायचं. मी त्याला म्हणाले, "पिशवी काय भांडी घासणार आहे का? सुटं द्या." त्यानं खताच्या जुन्या पोत्यात भरून दिलं. पिशवीवर जे छापलेलं असतं, ते सगळं मी घासाघीस करून त्याच्या दुकानातच ठेवून आले. पण त्यानं तोंडानं तरी सांगायचं होतं. सहा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. "जपून वापरा अक्का," एवढंच. जपून तर आम्ही मीठसुद्धा वापरतो. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

त्या सकाळी

भट्टीवरची कढई लोखंडाची आणि बाकी भांडी स्टीलची. पण माझ्याकडे एक जुनी अॅल्युमिनियमची कॅन होती. तिच्या तळाला दुधाचा पिवळा थर दगडासारखा बसला होता. दुपारी भंगारवाला येणार होता. कॅन घासून चकचकीत केली तर तो भाव पाडणार नाही, असा माझा हिशेब.

मी कॅनमध्ये तीन-चार मुठी कॉस्टिक टाकलं, वरून भट्टीवरचं गरम पाणी ओतलं आणि माशा पडू नयेत म्हणून झाकण दाबून बसवलं. कॅन भट्टीच्या शेजारीच ठेवली. बाहेर बबन टँकरवाला आमच्या टाकीला पाइप लावत होता. कांता आत खवा हलवत होती.

थोड्या वेळानं कॅन सूं सूं करायला लागली. हात लावला तर चटका. मला वाटलं, थर सुटतोय. मी झाकणाला खालून हळूच ठोसा दिला.

झाकण उडालं. त्याच्यामागून भट्टीच्या तोंडाशी भक्कन जाळ झाला आणि कॅनमधलं पाणी माझ्या तोंडावर आलं. कॉस्टिक आणि अॅल्युमिनियम एकत्र आलं की पेट घेणारा वायू सुटतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्या दोन्ही डोळ्यांत कोणीतरी निखारे भरले आहेत.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. सरपणावरच्या बारदानानं पेट घेतला होता. त्याच्या बाजूलाच कॉस्टिकचं पोतं. बबन पाइप घेऊन आत धावला.

"बबनदादा, पानी नको मारू!" कांता ओरडली. "पोतं हाय तितं सोड्याचं! उकळ्या फुटत्यान! माती टाक, माती!"

बाहेर बांधकामाची कोरडी वाळू पडलेली होती. दोघांनी पाट्या भरभरून टाकली आणि जाळ विझला. पापुद्र्यांवर थोडं पाणी पडलं की ते कसे उकळतात, हे कांतानं कधीतरी घमेल्यात पाहून ठेवलं होतं. मी वापरत होते, बघत ती होती.

मग तिनं मला ओसरीच्या कडेला बसवलं आणि तांब्यानं तोंडावर पाणी मारायला लागली. गार पाणी आलं की घडीभर बरं वाटायचं, की पुन्हा आग. तांब्यामागून तांब्या. आणि मग पाणी थांबलं.

हे मला पक्कं आठवत होतं. पाणी थांबलं.

शेजारच्या म्हातारीनं ताक आणलं. "ताक लावा, थंड पडंल. आंबटानं सोडा मरतो." मालकांनी ताकात भिजवलेलं फडकं माझ्या डोळ्यांवर धरलं आणि जीपनं पाथर्डी, तिथून नगर. सगळ्या वाटेवर ताकाचा वास. एरवी मला तो वास आवडायचा.

डॉक्टरीणबाई

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी नाव विचारलं नाही, कागद मागितले नाहीत. पापण्या ताणून धरल्या आणि सलाईनच्या बाटल्या टांगून डोळे धुवायला घेतले. किती बाटल्या संपल्या ते मालकांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

धुता धुताच बाईंनी विचारलं, "घरी किती वेळ धुतलं होतं?"

 मग कांताचा आवाज आला, "दोन बादल्या."

"बादल्या नको, वेळ सांगा."

"आसंल पाच मिन्टं."

बाईंनी पुढची बाटली टांगायला सांगितली. सलाईनची धार तेवढी ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. मोठ्या गोड बोलायच्या, पण त्या दिवशी सरळ बोलल्या. "काकू, डोळ्याच्या पुढची काच जळली आहे. उजव्यात उजेड कळेल, बाकी फार आशा धरू नका. डावा आपण वाचवतोय. पण खूप महिने लागतील."

मी म्हणाले, "उजवा निम्मा तरी द्या."

"तसं नसतं हो."

"निम्मा नको तर चार आणे. माणूस ओळखण्यापुरता. बाकीचं मी भागवीन."

बाईंनी माझा हात धरला. "काकू, हे माझ्या दुकानातलं नाही."

मग मी तो प्रश्न विचारला. विचारायला नको होता. "अर्धा तास धुतलं असतं तर?"

 "फरक पडला असता," म्हणाल्या. "किती, ते सांगता येणार नाही. पण पडला असता."

त्या वाक्यानं माझ्या हातात एक दोरी दिली आणि तिचं दुसरं टोक कोणाच्या गळ्यात टाकायचं ते मी तिथेच ठरवलं. पाणी मारत कोण होतं? कांता.

दर तासाला

दर तासाला थेंब. तीन बाटल्या, तिन्हींची टोपणं वेगवेगळ्या रंगांची, म्हणजे मला काही उपयोग नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. कांता माझ्या खाटेखाली चटई टाकून अकरा दिवस राहिली. तास झाला की उठायची, पट्टी सोडायची आणि म्हणायची, "अक्का, वर बघ." थेंब पडायचा. पुन्हा पट्टी.

शेजारच्या खाटेवर शेवगावची एक आजी होती, मोतीबिंदूची. ती म्हणायची, "बाई, तुझी भन हाय का घड्याळ? रातीला किल्ली देती व्हय गं हिला?"

कांता म्हणायची, "किल्ली हिच्याच तोंडात हाय आज्जे. ही वरडली की मी चालती."

आजी इतकी हसली की सिस्टर रागावायला आली. "आजी, हसू नका, टाके हलतील!" "डोळ्याला टाकं हायेत बाई, तोंडाला न्हाईत," आजी म्हणाली. मी भिऊन भिऊन कंटाळले होते. त्या दिवशी मीही हसले आणि हसताना पट्टीखाली डोळे झोंबले.

मला बघायची एवढी भूक लागेल असं कधी वाटलं नव्हतं. डोंगर, देव, असलं काही नाही. चहाच्या कपाला साय आली आहे का. साडीला कोणता काठ आहे. भेटायला आलेला माणूस तोंडावर काय आणि तोंडामागे काय. मी माणसांचे डोळे बघून भाव ठरवायची बाई. आता प्रत्येकाचं गोड बोलणं मला खरंच वाटायला लागलं होतं आणि त्याची भीती वाटत होती.

कांताला हे न सांगता कळलं. ती मला सगळं बघून सांगायची. "खिडकीत कबुतर बसलंय, पायाला दोरा गुतलाय त्याच्या." "मावसबहिनीनं केळी आन्लीत, पन काळी पडल्याली. सवंग पाहून घेतली आसंल." "डाक्टरीनबाईनं आज येनी घातलीय. लेकरावानी दिसतीय."

डावी पट्टी निघाली त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं ते तिचंच तोंड. धुरातून दिसावं तसं. भट्टीच्या धुरातून मी ते हजार वेळा पाहिलं होतं, म्हणून ओळखलं.

एवढं असून मी पुढचं केलं.

मी काय बोलले

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी नातेवाईक जमले होते. मामा, चुलते, जावा, सगळे मिळून नऊ जण. कोणीतरी विचारलं, "पर झालं कसं हे?"

मी म्हणाले, "काय व्हायचं? टँकर दारात उभा होता. भरलेला. मी विकत घेतलेला. आणि हिनं दोन बादल्यांत हात आखडला. माझा डोळा हिनं घालवला. कोयत्यावरून आणून घरात घेतली, त्याची ही परतफेड."

 मालक म्हणाले, "अगं, बास."

"का बास? खरं बोलायची चोरी आहे?"

कांता माझ्या उशाशी होती. तिनं बाटलीचं टोपण काढलं. आवाज जसाच्या तसा. "अक्का, दोन वाजलं. वर बघ."

थेंब पडला. तिनं टोपण लावलं, चटई गुंडाळली आणि माझ्या जावेला तिन्ही बाटल्यांची समज दिली. कोणती आधी, मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा. मग बाहेर गेली.

त्या दिवाळीला ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. सहा वर्षांनी. मला मालकांनी सांगितलं. मी म्हणाले, "जाऊ दे. गेली तर गेली."

घर

आजारी माणसाचं घरच्यांना ओझं होतं, हे सगळे लिहितात. घरच्यांचं आजारी माणसाला होतं ते कोणी लिहीत नाही. मालक माझ्याशी फुंकर घालत बोलायचे. मी ताट भिरकावलं तरी ते उचलून ठेवायचे. भांडायला माणूस उरला नव्हता.

भट्टीवर बसायला लागले, पण खवा मला दिसेना. खवा कधी उतरवायचा हे घड्याळावर नसतं. कढईच्या कडेला तूप सुटल्यासारखी चमक येते, पांढऱ्यावर किंचित बदामी छटा चढते, त्या घडीला उतरवावा लागतो. एक मिनिट चुकलं की तळाला लागला, करपला. माझ्या डाव्या डोळ्याला दिसतं ते सगळं दुधाळ, त्यात दूध काय आणि खवा काय. पहिल्या महिन्यात मी तीन कढया लावल्या. कांता असती तर पलीकडून म्हणाली असती, "अक्का, उतरव." तिला विचारावं लागायचं नाही.

थेंब आता मी माझे मी घालायचे. दोनातला एक गालावर. मान मागे टाकली की कानाला वाटायचं, आत्ता कोणीतरी "वर बघ" म्हणणार. ते कोणी म्हणायचं नाही आणि मी तशीच वर बघत बसायची, थेंब कधीच ओघळून गेलेला असायचा.

रागावर माणूस किती दिवस काढू शकतो ते मला माहीत आहे. पुष्कळ. पण मी राग उशाला घेऊन झोपायचे आणि उठल्यावर शेजारची चटई चाचपायचे. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. लावला नाही. तिनं लावायला हवा होता, असं म्हणत राहिले.

बबन

माघात बबन टँकर घेऊन आला. त्यानं भाव वाढवलेला होता. मी म्हणाले, "पाणी काय गंगेचं आणतोस का रे?"

"डिझेल वाढलंय अक्का."

"तुझं डिझेल दर महिन्याला वाढतं. मागच्या खेपेला टाकी पण भरली नव्हतीस."

तो हसला. "तुमची टाकी भरायची म्हन्जी जिवाचं भ्याव. डोळ्यात सोडा गेल्याली बाई, आन वरडती कुनावर, तर पान्यावर."

"काय म्हणालास?"

"त्या दिवशीचं म्हन्तो मी. कांताअक्का पानी मारीत हुती, मी म्हनलं धरा हा पाइप, हानू द्या. तर तुमीच वरडल्या की. 'बास कर गं! टाकी रिकामी करतीस का? म्हैनाभर काय पिनार हाय?' मी गावात समद्याला सांगतो, बाई आसावी तर आशी." त्याला ते कौतुक वाटत होतं.

 त्यानं सांगितलेला भाव दिला. तो घाबरून दोनदा माझ्या तोंडाकडे बघत गेला.

मालक गोठ्यात होते. मी विचारलं, "मी ओरडले होते?"

त्यांनी वैरण टाकायची थांबवली नाही. "हो."

"तुम्ही ऐकलं होतं?"

"सगळ्यांनी ऐकलं होतं."

"मग दवाखान्यात बोलला का नाहीत?"

"बोललो की. बास म्हणालो." मग म्हणाले, "तुला दिसत नव्हतं. त्यात आणखी हे कुठं सांगायचं?"

मला अजूनही ते आठवत नाही. आमच्या लहानपणी एका बादलीत दोघींची अंघोळ व्हायची, ते पाणी घमेल्यात धरून धुण्याला, धुण्याचं पाणी सारवायला. ज्या घरात हे शिकलेलं असतं तिथे डोळा जळत असला तरी तोंडातून तेच येतं. मी हे सांगते आहे ते सुटका करून घ्यायला नाही. आमच्याकडच्या प्रत्येक घरात ही चूक होऊ शकते म्हणून सांगते आहे.

कामाचं

दुसऱ्या दिवशी मी मालकांना नगरला पाठवून कॉस्टिकची छापील पिशवी आणवली आणि भिंग लावून दोन दिवसांत वाचली. डॉक्टरीणबाईंना फोन करून उरलेलं विचारलं.

डोळ्यात गेलं तर पाणी. फक्त पाणी, वाहतं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान अर्धा तास, घड्याळ लावून. जखमी माणूस बास म्हणाला तरी थांबायचं नाही. त्याचं ऐकू नका. माझं ऐकलं, त्याचं काय झालं ते बघा. दवाखान्याच्या वाटेवरही बाटल्या भरून घ्या आणि धूत राहा. ताक, लिंबू, दूध, मध, तूप, काही लावायचं नाही. अंगावर उडालं तर कपडे आणि बांगड्या आधी उतरवायच्या, मग तसंच पाणी.

कॉस्टिक अॅल्युमिनियमच्या भांड्यात कधीही नाही. जाड प्लास्टिकचा डबा, घट्ट झाकण, जाळापासून लांब, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी. विरघळवताना भांड्यात आधी गार पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक. मी केलं ते उलटं. डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, पायात गमबूट. हसतील लोक. हसू द्या.

पापुद्रे सांडले तर माणसं लांब करायची, कोरडेच प्लास्टिकच्या सुपलीनं उचलायचे. ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका. पातळ सांडलं तर भोवती कोरड्या वाळूचा बांध घालायचा, वाळूत जिरवायचं, ती वाळू प्लास्टिकच्या डब्यात भरायची आणि शेवटी उरलेला डाग भरपूर पाण्यानं धुवायचा. भुसा किंवा बारदान टाकायचं नाही.

कॉस्टिक स्वतः जळत नाही, पण शेजारी आग लागली तर त्या पोत्यावर बादलीनं पाणी फेकू नका. कोरडी वाळू, नाहीतर पावडरचा फायर सिलिंडर. आवाक्याबाहेर वाटलं तर बाहेर पळा आणि अग्निशमनवाल्यांना आल्या आल्या सांगा की आत कॉस्टिक आहे. माझी भट्टी वाचली ती कांताला हे न वाचता ठाऊक होतं म्हणून.

फडात

राहुरीकडे एका कारखान्याच्या हद्दीत त्यांची टोळी होती. मालकांनी मला जीपनं नेलं. ते रस्त्यावरच थांबले. "तुझं तू बघ," म्हणाले.

मी बांधावर उभी राहिले. समोर तुटलेला ऊस, पाचट आणि बाया. साडीवर पुरुषी सदरे, तोंडाला फडकी गुंडाळलेली. माझ्या डोळ्याला सगळ्या सारख्या. आठ असतील, दहा असतील. एकीला बघून मी पुढे झाले, ती वळली आणि म्हणाली, "कोन पायजे बाई?"

"कांता," मी म्हणाले.  मी दुसरीकडे बघितलं. उन्हात सगळं पांढरं झालेलं. मी लहानपणी फडात हरवले की आई हाका मारायची, तशी मी हाक मारली. "कांते!"

"इकडं. तुझ्या उजवीकडं हाय मी."

ती हातभर अंतरावर होती. न दिसणाऱ्या बाजूला.

"कधीची उभी आहेस?"

"तू बांधावर आली तवापासून."

"मग बोलायचं नाही?"

"बघत हुते. तुला कितपत दिसतंय ते."

"दिसत नाही."

"व्हय. कळलं मला."

तिनं तोंडावरचं फडकं सोडलं नाही. मी म्हणाले, "बबननं सांगितलं. मीच ओरडले होते."

"व्हय, वरडली हुतीस."

"मग तू दवाखान्यात का नाही बोललीस? नऊ माणसांत मी तुला..."

"काय बोलू?" ती कोयत्याच्या पात्यावरचा चिकटा सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागली. "तू वरडली म्हनून थांबले आसं म्हनले आस्ते, तर ते खोटं हुतं."

"खोटं कसं?"

"तुझं वरडनं मी कधी मनावर घेतलंय? दिसातून दहादा वरडती तू."  "तुज्या आदीच माझा हात आखडला हुता, अक्का. पानी गटारीकडं चाललं हुतं. मला वाटलं, केवढं पानी चाललंय. तुझं डोळं जळत हुतं आन मी पान्याकडं बघत हुते. मंग तू वरडली. मला बरंच वाटलं."



मी म्हणाले, "घरी चल."

"कारखान्याचा हंगाम सरून पट्टा पडल्याबिगर कोयता सोडता येत न्हाई. म्हाईत हाय तुला."

"पट्टा पडल्यावर?"

"बघू."

"बघू म्हणजे? पाडव्याला येशील? पाडव्याला नको, नंतर ये. चार दिवस राहून जा. भट्टीवर नको बसू, वजनकाट्यावर बस. मी बोलणार नाही काही..."

"अक्का," ती म्हणाली, "भाव करू नको."



तिकडून मुकादमानं हाक मारली. ती पाचटातून चालत गेली. पहिली चार पावलं मला ती वेगळी दिसली, मग त्या बायांमध्ये मिसळली. मी बांधावर खाली बसले. कोयत्यांचे आवाज येत होते, एकामागून एक, पुढे सरकत चाललेले. त्यातला तिचा कोणता, ते मी कान देऊन शोधत राहिले. मालकांनी रस्त्यावरून दोनदा हॉर्न वाजवला. मी हात वर करून थांबा म्हणाले.